एआय असिस्टंटचा कोड गेस्टहाउसच्या बिलापर्यंत कसा न्यावा

फर्मागुढीहून किंवा दुसऱ्या एखाद्या कॉलेजातून बाहेर पडून पणजी-पर्वरीच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालात, की पहिल्याच आठवड्यात हातात एआय असिस्टंट येतो. क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट, कोडेक्स, कोणताही असो. दुपारच्या चहाआधी तो हजार ओळी लिहून मोकळा होतो. अडचण पुढे आहे. त्या हजार ओळी वाचायच्या कोणी आणि कधी? बहुतेक ठिकाणी ठरलेले उत्तर असे की सगळे झाल्यावर सीनिअर वाचेल. सीनिअर दमलेला असतो, डिफ (बदललेल्या ओळींची यादी) संपता संपत नाही, आणि "बरा दिसतो" म्हणत कोड मुख्य प्रतीत मिसळणारे मर्जचे बटण दाबले जाते.

खाली दिलेल्या पद्धतीत तपासणी शेवटी एकदाच होत नाही. कामाचे टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्याअखेर वाचता येईल असे काहीतरी हातात यायला हवे, आणि ते एका माणसाने वाचून सोडल्याखेरीज असिस्टंटने पुढे जायचे नाही. कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मायकल फॅगन यांनी १९७६ मध्ये कोड तपासणीची जी रीत मांडली, तिच्यातही टप्प्यात शिरण्याच्या आणि त्यातून बाहेर पडण्याच्या अटी आधीच ठरलेल्या असत. तेव्हा कोड लिहायला वेळ लागे. आता लिहिणे स्वस्त झाले आहे आणि वाचणे तेवढेच महाग राहिले आहे, म्हणून वाचायची जागा नीट निवडावी लागते.

उदाहरण शेवटपर्यंत एकच धरू. पाळोळे, मोरजी, आश्वे इथल्या छोट्या गेस्टहाउसांसाठी बुकिंग आणि बिलाचे सॉफ्टवेअर आहे. काम आले आहे खोलीभाड्यावरच्या जीएसटीचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ ऐवजी ५ टक्के कर लागतो, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. ऐकायला दहा मिनिटांचे काम. असिस्टंटला एका वाक्यात सांगितले तर तोही ते दहा मिनिटांत करून देईल, आणि त्यात निदान तीन चुका असण्याची शक्यता दाट आहे. कोणत्या, ते ओघात येईलच.

आधीची बांधाबांध

रेपोच्या (प्रकल्पाचा कोड जिथे साठवतात त्या फोल्डरच्या) मुळाशी असिस्टंटसाठी सूचनांची एक फाइल ठेवा. बहुतेक असिस्टंट एजंट्स डॉट एमडी नावाची फाइल वाचतात, क्लॉड कोड क्लॉड डॉट एमडी वाचतो. तिच्यात एवढेच हवे: टेस्ट कशा चालवायच्या, कोणत्या फोल्डरला हात लावायचा नाही, आणि या प्रकल्पाचे आपले नियम. उदाहरणार्थ, रक्कम नेहमी रुपयांऐवजी पैशांत मोजून, पूर्णांकात ठेवायची, दशांशात नाही. गोव्याचे पत्ते असतील तर बारा तालुक्यांची नावे देवनागरीत लिहूनच द्या. नाहीतर रोमन स्पेलिंगवरून डिचोलीचे "बिचोलिम" आणि केप्याचे "क्वेपेम" झालेले बिल पाहुण्याच्या हाती पडेल. फाइल दोन पानांच्या वर जाऊ देऊ नका. चार पाने झाली की असिस्टंटही त्यातले निम्मे नजरेआड करतो.

मात्र "प्रॉडक्शनला (ग्राहक वापरतात त्या चालू यंत्रणेला) हात लावू नकोस" असे त्या फाइलमध्ये लिहिले म्हणजे बंदोबस्त झाला, या भ्रमात राहू नका. जुलै २०२५ मध्ये एका ऑनलाइन सेवेच्या असिस्टंटने, बदल थांबवा अशी स्पष्ट सूचना असताना, चालू डेटाबेस पुसून टाकला आणि ती गोष्ट जगभर गाजली. खरा बंदोबस्त म्हणजे असिस्टंट ज्या मशीनवर चालतो तिथे प्रॉडक्शनचा पासवर्डच नसणे. मुख्य ब्रँचला (कोडच्या मुख्य शाखेला) कुलूप घाला: थेट पुश बंद, पुल रिक्वेस्टशिवाय (बदल सामील करून घेण्याच्या विनंतीशिवाय) प्रवेश नाही, आणि किमान एका माणसाची मंजुरी सक्तीची.

दुसरी गोष्ट पाहुण्यांच्या माहितीची. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते (फॉर्म सी म्हणून ओळखला जाणारा फॉर्म), म्हणून या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये पासपोर्टचे तपशील पडलेले असतात. टेस्टसाठी खऱ्या डेटाची कॉपी उचलून असिस्टंटसमोर टाकणे सोपे वाटते, पण ते करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि कायदा नसता तरी ते योग्य नव्हते. खोटे पाहुणे तयार करा. हे काम असिस्टंट उत्तम करतो.

पायरी १: चिठ्ठी

टिकट म्हणा, चिठ्ठी म्हणा; काम सुरू होण्याआधी एक पान लिहायचे, आणि ते माणसाने लिहायचे. त्यात काय हवे, काय करायचे नाही, काम पुरे झाले हे कशावरून ओळखायचे आणि कोणते प्रश्न अजून सुटायचे आहेत, हे असावे. आपल्या कामाची चिठ्ठी साधारण अशी होईल:

"खोलीभाड्यावरचा जीएसटी नव्या दराने लावणे. दर मुक्कामाच्या तारखेवरून आणि प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावरून ठरेल. प्रत्येक रात्रीचा हिशेब वेगळा. आधी निघालेली बिले बदलायची नाहीत. जेवण आणि टॅक्सीच्या बिलांना हात लावायचा नाही. सीएला विचारायचे: जादा खाटेचे पैसे ७५०० च्या मोजणीत धरायचे का? २२ सप्टेंबरपूर्वी आगाऊ पैसे घेतलेल्या बुकिंगचे काय?"

शेवटची ओळ सर्वांत मोलाची आहे. कराचा प्रश्न असिस्टंटला विचारला तर तो आत्मविश्वासाने उत्तर देईल, आणि ते उत्तर जुन्या दराच्या काळातल्या मजकुरावर बेतलेले असू शकेल. ती पहिली संभाव्य चूक. दर, कायदा, सरकारी फॉर्म, शुल्क यांचे उत्तर सीएकडून किंवा अधिसूचनेतून आणायचे आणि चिठ्ठीत लिहायचे. असिस्टंटने ते फक्त कोडमध्ये उतरवायचे.

सोबत चार-पाच उदाहरणे आकड्यांनिशी द्या. ७५०० रुपयांची खोली: ५ टक्के. ७५०१ ची: १८ टक्के. ८००० च्या खोलीवर १० टक्के सूट दिली, बिल ७२०० चे झाले: ५ टक्के. ३० डिसेंबरला ७००० आणि ३१ ला ९००० असा दोन रात्रींचा मुक्काम: पहिल्या रात्रीचा कर ३५०, दुसऱ्या रात्रीचा १६२०, एकूण १९७०. हे शेवटचे उदाहरण मुद्दाम घातले आहे. असिस्टंट बऱ्याचदा एकूण रक्कम घेऊन सरासरी काढतो. इथे सरासरी ८००० येते आणि दोन्ही रात्री मिळून १८ टक्क्यांनी २८८० रुपये कर लागतो. पाहुण्याकडून ९१० रुपये जास्त. ही दुसरी.

पायरी २: आराखडा

नवख्या लोकांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि ते तो गाळतात. माझ्या मते पूर्ण वेळेतला सर्वांत मोठा वाटा इथे द्यावा.

बहुतेक असिस्टंटमध्ये आता आराखड्याची वेगळी सोय असते: तो कोड वाचतो, शोधतो, पण एकही फाइल बदलत नाही. चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवा आणि लेखी आराखडा मागा. कोणत्या फाइली बदलणार, कोणत्या टेस्ट लिहिणार, डेटाबेसच्या रचनेत काही फरक पडणार का, आणि त्याने स्वतः काय गृहीत धरले आहे. हा शेवटचा मुद्दा मागितल्याशिवाय मिळत नाही, म्हणून मागाच.

आराखडा येतो एक-दीड पानाचा. तो वाचायला पंधरा मिनिटे लागतात, आणि त्यातली चूक दुरुस्त करायला एक वाक्य. तीच चूक पुढे चौदा फाइलींत पसरली की अर्धा दिवस जातो. पायाची दोरी लावलेली असताना भिंत वीतभर सरकवायला गवंड्याला काहीच लागत नाही. चिरे चढल्यावर लागते, तसेच हे.

आपल्या उदाहरणात आराखड्यात बहुधा असे काही येईल: "बिल डॉट पीवाय मधला १२ हा आकडा बदलून ५ करीन." इथेच थांबवा. दर कोडमध्ये खोदून ठेवला तर ऑगस्ट २०२५ चे बिल पुन्हा छापताना त्यावर ५ टक्के येईल. दरांचा वेगळा तक्ता हवा: कधीपासून, कधीपर्यंत, किती रुपयांपर्यंत, किती टक्के. पुढचा बदल आला की तक्त्यात एक ओळ वाढेल, कोडला हात लागणार नाही.

आणखी एक वाक्य आराखड्यात सापडू शकते: "पाहुण्याचे राज्य गोवा नसेल तर आयजीएसटी लावीन." आयजीएसटी म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा कर; वस्तूंच्या विक्रीचा नियम उचलून इथे चिकटवल्याची ही खूण आहे. राहण्याच्या सेवेत जागा जिथे आहे तेच सेवेचे ठिकाण धरतात. म्हणून गोव्यातले गेस्टहाउस कोल्हापूरच्या पाहुण्यालाही सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटीच (राज्याचा) लावते, निम्मा-निम्मा. ही तिसरी चूक. कोडमध्ये ती एका लांबलचक फंक्शनच्या पोटात दडली असती आणि टेस्टही तिच्याशी जुळवूनच लिहिल्या गेल्या असत्या. आराखड्यात ती एका ओळीत उघडी पडते.

मंजूर झालेला आराखडा रेपोमध्येच फाइल म्हणून ठेवा. पुढच्या टप्प्यांना मोजपट्टी तीच.

पायरी ३: लिहिणे

आता असिस्टंटला हात मोकळे. प्रत्येक कामाला वेगळी ब्रँच, आणि शक्यतो वेगळे फोल्डर. गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) २०१५ पासून वर्कट्रीची सोय आहे. एकाच रेपोच्या दोन-तीन ब्रँच वेगवेगळ्या फोल्डरांत उघडून ठेवता येतात, त्यामुळे दोन असिस्टंट एकमेकांच्या पायात येत नाहीत. सुरुवातीला मात्र एकच चालवा. तिघांनी लिहिलेले वाचायला तुम्ही एकटेच आहात.

क्रम असा: आधी टेस्ट, त्या चालवून नापास होताना बघायच्या, त्यांचा कमिट (गिटमधली नोंद) करायचा, मग कोड. टेस्ट नापास होताना पाहणे हा उपचार नाही. असिस्टंटने लिहिलेली टेस्ट कधीकधी काहीच तपासत नाही आणि पहिल्यापासून हिरवी असते. टेस्टचा कमिट वेगळा असला की दुसरा फायदाही मिळतो. कोड जुळेना तेव्हा असिस्टंटने टेस्टच सैल केली, एखादी वगळली, किंवा सगळ्या चुका गिळणारा ट्राय-एक्सेप्ट घातला, तर ते इतिहासात ठळक दिसते. सूचनांच्या फाइलमध्ये लिहा: कोडच्या कमिटमध्ये टेस्टची फाइल बदललेली दिसली तर काम तिथेच थांबेल.

नवीन पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) घालायचे असेल तर असिस्टंटने विचारले पाहिजे. असिस्टंट कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचे नाव देतो. अशी नावे हेरून त्या नावाने घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोकही आहेत. पॅकेजच्या पानावर स्वतः जा, केव्हापासून आहे, कोण सांभाळते ते बघा. जीएसटीच्या गुणाकाराला पॅकेज लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

दोन-तीन प्रयत्नांत टेस्ट पास होत नसतील तर संवाद लांबवत बसू नका. ब्रँच टाकून द्या, आराखड्यात काय राहिले ते शोधा, आणि कोऱ्या संवादातून पुन्हा सुरू करा. तासभर रेटलेल्या संवादातून येणारा कोड ठिगळांचा असतो.

पायरी ४: यंत्राची चाळणी आणि दुसरा वाचक

पुश झाले की सीआयवर (आपोआप तपासणी करणाऱ्या सर्व्हरवर) फॉरमॅटर, टाइपची तपासणी, सगळ्या टेस्ट, आणि कोडमध्ये पासवर्ड राहिला आहे का याची झडती हे आपोआप चालले पाहिजे. लॅपटॉपवर पास झाले, एवढे पुरेसे नाही. यात लाल काही असेल तर माणसाने डिफ उघडायचासुद्धा नाही.

त्यानंतर दुसऱ्या असिस्टंटला वाचायला द्या, किंवा त्याच असिस्टंटला कोऱ्या संवादात. ज्या संवादात कोड लिहिला गेला तिथेच "हे बरोबर आहे का?" विचारले तर तो आपल्याच कामाची वकिली करतो. दुसऱ्याला फक्त चिठ्ठी, आराखडा आणि डिफ द्या. आधीचे बोलणे देऊ नका. प्रश्न नेमका हवा. "कसे वाटते?" विचारलेत तर कौतुक येईल. "ज्या तीन बुकिंगांवर हा कोड चुकीचे बिल देईल ती शोध, प्रत्येकीची टेस्ट लिहून दाखव" असे विचारा. टेस्ट लिहून नापास करून दाखवता आली तरच शंका खरी.

दुसरा वाचक काहीतरी काढणारच, कारण त्याला काढायलाच सांगितले आहे. आलेल्या मुद्द्यांचे तीन ढीग करा: आत्ता दुरुस्त, नंतरचे टिकट, आणि नामंजूर. हा निवाडा माणसाने करायचा. दोन फेऱ्यांनंतर थांबा. दोन असिस्टंट एकमेकांना उत्तरे देत बसले की कोड सुधारत नाही, फक्त वाढतो.

बाहेरून आलेला मजकूर वाचणाऱ्या असिस्टंटला लिहिण्याची परवानगी देऊ नका. पाहुण्याने बुकिंगच्या "विशेष विनंती"च्या चौकटीत लिहिलेले वाक्य असिस्टंट आदेश समजून बसू शकतो.

पायरी ५: माणसाची तपासणी

सिस्कोमधल्या कोड रिव्ह्यूंचा अभ्यास स्मार्टबेअरने २००६ मध्ये प्रसिद्ध केला. एका बैठकीत २०० ते ४०० ओळींपलीकडे गेले की दोष सापडायचे प्रमाण घटते, आणि तासाभरानंतर नजर बोथट होते, असे त्यात दिसले. त्या ओळी माणसांनी लिहिलेल्या होत्या. असिस्टंटचा कोड नीटनेटका, टिपांसकट, मुद्देसूद दिसतो; त्यामुळे डोळा आणखी लवकर सैलावतो. म्हणून ४०० ओळींपेक्षा मोठी पुल रिक्वेस्ट घेऊच नका. परत पाठवा, तोडून आणायला सांगा. नवख्यांनी सीनिअरला असे सांगायला बिचकायचे कारण नाही, नियमच तसा असावा.

वाचण्याचा क्रमही ठरलेला बरा. आधी टेस्ट, चिठ्ठीतली उदाहरणे आकड्यांसकट तिथे आहेत का. मग डेटाबेसचे मायग्रेशन (रचनेतला बदल). मग सीमेवरच्या तुलना: ७५०० "पर्यंत" म्हणजे ७५०० धरून, तिथे लहान-किंवा-समान हवे, नुसते लहान नको. मग कर निम्मा-निम्मा करताना उरणारा पैसा कुठे गेला. बाकीचा कोड सर्वांत शेवटी. आणि आराखड्यात नसलेली फाइल बदललेली दिसली की विचारा, का? "जाता जाता सुधारले" हे उत्तर घेऊ नका. सुधारणा चांगली असेल तर तिची वेगळी पुल रिक्वेस्ट येऊ दे.

पुल रिक्वेस्ट ज्याने पाठवली त्याला प्रत्येक ओळ स्वतःच्या शब्दांत समजावता आली पाहिजे. "असिस्टंटने तसे केले" म्हटले की रिव्ह्यू तिथेच संपला. कमिटवर नाव तुमचे आहे. मंजुरी देणारा मात्र वेगळा माणूस हवा. दोघांच्याच टीममध्येही हे पाळता येते.

एवढे सगळे करून वेग कसला वाढला, असे कोणी म्हणेलच. २०२५ मध्ये मीटर या संशोधन संस्थेने १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरांवर प्रयोग केला. त्या वर्षीच्या सुरुवातीची साधने वापरून त्यांना कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला. त्यांना स्वतःला मात्र आपण २० टक्के वेगाने केले असे वाटत होते. साधने पुढे बदलली, बदलतील. पण आपल्या वेगाचा आपल्याला येणारा अंदाज भरवशाचा नाही, एवढे त्यातून घ्यावे. चिठ्ठी लिहिल्यापासून बिल योग्य निघेपर्यंतचे दिवस मोजा. असिस्टंट किती मिनिटांत थांबला ते मोजू नका.

पायरी ६: पोचवणे

मर्ज झाले की आधी स्टेजिंगवर (खऱ्या यंत्रणेच्या सरावाच्या प्रतीवर). तिथे खोट्या पाहुण्यांची बिले काढा आणि सीएला दाखवा, कोड नव्हे, छापील बिले. मग नवा हिशेब फीचर फ्लॅगमागे (कोडमधल्या चालू-बंद करायच्या कळीमागे) ठेवून एकाच गेस्टहाउसला चालू करा, शक्यतो ज्याचा मालक फोन उचलतो आणि "बिल सारकें येता मरे?" विचारल्यावर खरे सांगतो. दोन-तीन दिवसांचे जुने आणि नवे हिशेब शेजारी शेजारी लावून बघा. फरक फक्त अपेक्षित जागीच असला पाहिजे. मग बाकीचे.

डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणे) लॅपटॉपवरून करू नका. पावसाळ्यात पेडण्याला किंवा सत्तरीत घरून काम करताना लाईट जाते, नेट जाते, आणि मायग्रेशन अर्ध्यात लटकते. सर्व्हरवरच्या पाइपलाइनने करा, मग तुमचे घर अंधारात गेले तरी ते पुरे होईल. मायग्रेशन दोन हप्त्यांत करा: आधी नवा तक्ता जोडायचा, जुना रकाना तसाच, सगळे नव्यावर स्थिरावल्यानंतर जुना काढायचा. म्हणजे मागे फिरायची वाट उघडी राहते. ती वाट स्टेजिंगवर एकदा चालून बघितलेली असावी, नुसती कागदावर नको.

दिवस निवडताना गोव्याचे कॅलेंडर बघा. शुक्रवारी संध्याकाळी पाहुणे चेक-इन करत असतात. चवथीत निम्मी टीम गावी असते. नोव्हेंबरात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीतल्या खोल्या भरलेल्या. नाताळापासून नववर्षाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत काहीच सोडू नये, असिस्टंटने कितीही सुंदर लिहिलेले असो. मंगळवार सकाळ चांगली.

फ्लॅग चालू केला त्याच दिवशी तो काढून टाकायचे टिकट तारीख घालून लिहा. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाल कंपनीने जुना, पडून राहिलेला फ्लॅग नव्या कामाला वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर पोचला, आठव्यावर त्याच फ्लॅगने वर्षानुवर्षे पडून असलेला जुना कोड जागा केला, आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान झाले. असिस्टंट जुने फ्लॅग, जुनी फंक्शने आपणहून काढत नाही. उलट शोधताना सापडले तर ती नमुना म्हणून पुन्हा वापरतो. म्हणून टिकटात फ्लॅगचे नाव, तो तपासणाऱ्या सगळ्या फाइली आणि काढणाऱ्या माणसाचे नाव लिहा. ते कामही पहिल्या पायरीपासूनच सुरू करायचे: चिठ्ठी, आराखडा, टेस्ट, सगळे.